बदाम-अक्रोडांवरची निर्यात लेव्ही आणि कीड-आपत्तीचा खर्च : ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला मरे नदीच्या काठाने बदामाच्या बागांचा पट्टा आहे. तिथल्या एका प्रक्रिया केंद्रात मी हिशेबाचं काम बघते. हंगाम संपला, बागायतदारांच्या हातात मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या पडल्या, की फोन सुरू होतात. त्यातले काही मराठी असतात. कुणी नोकरी सांभाळून वीस-पंचवीस एकर बाग घेतलेली असते, कुणी मोठ्या मळ्यावर सुपरवायझर असतो. कोकणातून माझा चुलतभाऊही विचारतो, कारण त्याची काजूची बाग आहे आणि ‘निर्यातीवर शेतकऱ्याकडूनच पैसे घेतात’ हे त्याला पटत नाही. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

पट्टीवर ही जी कपात दिसते ती सरकारचा कर आहे की संघटनेची वर्गणी?

कायद्याने कर, व्यवहारात वर्गणी. वसुली केंद्र सरकारचं कृषी खातं करतं आणि ती संसदेच्या कायद्याने होते, त्यामुळे ‘मला नको’ म्हणायची सोय नाही. पण ती लावा अशी मागणी त्या त्या पिकाच्या संघटनेकडून येते आणि पैसा त्या पिकाच्याच कामी लागतो.

त्या कपातीत साधारण तीन-चार वेगवेगळे भाग असतात: संशोधनाचा, काही पिकांत जाहिरातीचा, कीडरोगांविरुद्धच्या नेहमीच्या तयारीचा, आणि कीड-आपत्ती आलीच तर तिच्या खर्चाचा. हे सगळं पान त्या शेवटच्या भागाबद्दल आहे. ‘इमर्जन्सी प्लांट पेस्ट रिस्पॉन्स’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुने लोक त्याला ‘ईपीपीआर’ म्हणतात. १ जानेवारी २०२५ पासून लेव्हीचे नवे कायदे लागू झाले, त्यांत याचं नाव ‘बायोसिक्युरिटी रिस्पॉन्स’ झालं. नाव बदललं, काम तेच.

‘लेव्ही’ म्हटलं की आमच्या आजोबांना धान्याची लेव्ही आठवते. तसंच काही आहे का?

नाही. आपल्याकडची ती लेव्ही म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावात धान्य सक्तीने घालणं. साखर कारखान्यांनाही लेव्हीची साखर अशीच द्यावी लागायची. त्या शब्दाचा कडवटपणा घराघरांत शिल्लक आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. इथे मालाला हात लावत नाहीत, भाव ठरवत नाहीत. वजनावर किलोमागे काही सेंट किंवा सेंटचा अंश कापतात. बाजार समितीच्या पट्टीवर हमाली-तोलाई कापलेली असते ना, दिसायला तशीच ही ओळ असते.

मुळात या खर्चाचा करार कुणी कुणाशी केलाय?

२००० साली प्लांट हेल्थ ऑस्ट्रेलिया नावाची ना-नफा कंपनी स्थापन झाली. केंद्र सरकार, राज्य सरकारं आणि पिकांच्या राष्ट्रीय संघटना हे तिचे सभासद. या सगळ्यांनी मिळून एक करारनामा केला, तो २६ ऑक्टोबर २००५ ला अमलात आला. ‘इमर्जन्सी प्लांट पेस्ट रिस्पॉन्स डीड’ हे त्याचं नाव, सगळे नुसतं ‘डीड’ म्हणतात. देशात नसलेली घातक कीड किंवा रोग शिरला तर तो उखडून काढायचा की नाही हे कोण ठरवणार, खर्च कोण किती उचलणार आणि ज्याची बाग तोडली त्याला काय मिळणार, हे त्यात आधीच लिहून ठेवलंय. बदाम, मॅकाडेमिया, अक्रोड, पिस्ता, हेझलनट, चेस्टनट यांच्या संघटनांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

याआधी दर वेळी कीड आली की बैठकांत वाद व्हायचा, पैसे कोण देणार यावरून. आणि कीड त्या बैठकांसाठी थांबत नव्हती.

पण निर्यातीवर का? परदेशी माल गेला तर देशाला डॉलरच मिळतात. त्यावर कात्री कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

ऑस्ट्रेलियातल्या बदामाचा मोठा हिस्सा देशाबाहेर जातो. मॅकाडेमियाचंही तसंच. समजा लेव्ही फक्त देशात विकलेल्या मालावर घेतली, तर आपत्तीचा सगळा बोजा मेलबर्न-सिडनीच्या दुकानांत माल देणाऱ्या थोड्या बागायतदारांवर पडेल आणि सगळं पीक कंटेनरमध्ये भरून पाठवणारा मोठा मळेवाला त्यातून सुटेल. कीड मात्र दोघांच्या बागेत सारखीच शिरते. किंबहुना निर्यातदाराचं नुकसान जास्त होतं, कारण नवी कीड सापडल्याची बातमी गेली की परदेशी बाजारपेठा आधी त्याचं दार बंद करतात.

म्हणून दोन जोड-रकमा आहेत. देशात विकला किंवा प्रक्रियेत वापरला तर ‘लेव्ही’, निर्यात केला तर ‘एक्स्पोर्ट चार्ज’. दर सहसा सारखाच. दोन वेगळी नावं आणि दोन वेगळे कायदे का, याचं कारण ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत आहे. कलम ५५ सांगतं की सीमाशुल्क लावणाऱ्या कायद्यात फक्त सीमाशुल्काचाच विषय असावा आणि उत्पादन शुल्काच्या कायद्यात फक्त उत्पादन शुल्काचा. देशातली लेव्ही कायद्याच्या भाषेत उत्पादन शुल्क ठरते, निर्यातीवरची रक्कम सीमाशुल्क. त्यामुळे एकाच कामाचा पैसा दोन कायद्यांतून गोळा करावा लागतो. आमच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात हमखास इथे गोंधळतो. मीही गोंधळले होते.

मग एकाच मालावर दोनदा कापतात का?

नाही. एका मालावर लेव्ही भरली गेली असेल तर निर्यातीच्या वेळी पुन्हा चार्ज लागत नाही. फक्त भरल्याचा कागद हवा. दोनदा कापलं गेल्याची जी प्रकरणं मी पाहिली, त्यांत चूक कायद्याची नव्हती. बागायतदाराने माल एका केंद्रात फोडून घेतला, दुसऱ्यामार्फत पाठवला, आणि पहिल्याची पावती दुसऱ्यापर्यंत पोचलीच नाही. पट्ट्या जपून ठेवा.

पैसे भरायचे कुणी? माझ्याकडे तर कुणी मागायला आलं नाही.

देणं बागायतदाराचं, गोळा करणं मधल्याचं. पहिला खरेदीदार, प्रक्रिया केंद्र किंवा निर्यातदार तुमच्या रकमेतून कापून घेतो, खात्याकडे विवरणपत्र भरतो आणि पैसे जमा करतो. तुम्ही स्वतःच निर्यात करत असाल तर विवरणपत्रही तुमचंच. रस्त्याकडेच्या टपरीवर किंवा शेतकरी बाजारात थेट विकणाऱ्यांसाठी पिकानुसार वेगळे नियम आहेत, ते संघटनेला विचारून घ्या.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक हिशेब देते. समजा दर बदामगराच्या किलोला एक सेंट आहे आणि तुमचा माल ४० टन झाला. म्हणजे ४०,००० किलो, म्हणजे ४०० डॉलर. खरा दर पिकागणिक वेगळा असतो आणि बदलतो, कवचासह मालाला वेगळा आणि सोललेल्या गराला वेगळा असतो. तो खात्याच्या चालू दरपत्रकातच बघायचा, गेल्या वर्षीच्या पट्टीवरून नाही.

आमच्या पिकाचा आपत्ती-दर शून्य दाखवलाय. शून्यच असेल तर कायद्यात ठेवलाय कशाला?

हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. डीडवर सही करताना संघटनेला आपला वाटा कसा भरणार ते दाखवावं लागतं. बहुतेक संघटना त्यासाठी लेव्ही कायद्याने मंजूर करून घेतात आणि दर शून्य ठेवतात. पाट खोदून, दारं बसवून ठेवायची आणि पाणी सोडायचं ते गरज पडल्यावर, तसं.

नवी लेव्ही उभी करायची म्हणजे बागायतदारांशी चर्चा, मतदान, मंत्रालय, नियम, असं करत वर्ष सहज जातं. कीड आल्यावर हे सुरू केलं तर उशीर झालेला असतो. दर शून्यावरून वर नेणं त्यापेक्षा खूप सोपं. आणि तोवर कुणाच्या खिशातून एक सेंटही जात नाही, पैसा कुठे पडूनही राहत नाही.

मग कीड आल्याच्या दिवशी पैसा येतो कुठून?

मोहिमेचा खर्च सरकारं आधी उचलतात. पिकांच्या संघटनांचा वाटा हवा तर केंद्र सरकार भरतं आणि मग संघटना लेव्हीतून तो हळूहळू, काही वर्षांत फेडतात. त्यामुळे कधी कधी असं होतं की मोहीम संपून काळ लोटलेला असतो आणि पट्टीवर आकडा आत्ता दिसू लागतो. लोक विचारतात, ‘संकट कधीच गेलं, आता का कापताय?’ कारण तेव्हा सरकारने भरलेलं आता फेडतोय.

सरकार किती देतं आणि आम्ही किती?

किडीच्या वर्गावर अवलंबून. चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गातली कीड मुख्यतः निसर्गाला, लोकांच्या आरोग्याला किंवा सार्वजनिक जीवनाला धोका देणारी, तिचा सगळा खर्च सरकारांचा. दुसऱ्यात ८० टक्के सरकार, २० टक्के उद्योग. तिसऱ्यात निम्मं-निम्मं. चौथ्यात कीड जवळजवळ फक्त शेतमालाचंच नुकसान करणारी असते, तिथे सरकार २० आणि उद्योग ८० टक्के. एकाच किडीने अनेक पिकं बाधित होत असतील तर उद्योगाचा वाटा त्या पिकांत विभागला जातो. खर्चाला उत्पादनाच्या मूल्याशी बांधलेली मर्यादाही असते. ती ओलांडायची तर सगळ्यांनी पुन्हा बसून मान्य करावं लागतं.

निर्णय कोण घेतं? कॅनबेरातले साहेब?

संशयित कीड कळली की डीडवर सही केलेल्या पक्षाने २४ तासांत कळवायचं असतं. मग तांत्रिक समिती बसते. ही कीड खरंच नवी आहे का, किती पसरली, उखडून काढणं शक्य आहे का, आणि परवडतं का, हे ती बघते. तिच्या सल्ल्यावर राष्ट्रीय व्यवस्थापन गट मोहिमेचा आराखडा आणि खर्च मंजूर करतो. या दोन्ही ठिकाणी बाधित पिकांच्या संघटना सरकारांच्या बरोबरीने बसतात. पैसे देणाऱ्याला मत आहे. लेव्ही मान्य करण्यामागचं माझं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

माझ्याच बागेत सापडली तर? झाडं तोडायला लावतील, मी बुडालो ना?

या प्रश्नाच्या वेळी फोनवरचा आवाज बदलतो. बदामाचं झाड लावल्यावर तिसऱ्या वर्षी थोडं काही देतं, भरात यायला सहा-सात वर्षं जातात. कुणी येऊन म्हणालं की उद्या हे सगळं तोडून जाळायचं, तर कसं वाटेल हे बागायतदाराला सांगावं लागत नाही.

डीडमध्ये यासाठी ‘मालक भरपाई’ची तरतूद आहे. मंजूर आराखड्यानुसार तोडलेलं पीक आणि झाडं, पुन्हा लागवडीचा खर्च, जमीन रिकामी ठेवावी लागली त्या काळाचं नुकसान, नवी झाडं धरेपर्यंत बुडालेलं उत्पन्न, यांचा हिशेब पिकागणिक आधीच ठरलेल्या पद्धतीने होतो. कळवणाऱ्या बागायतदाराचं कळवल्यामुळे भलंही होऊ नये आणि नुकसानही होऊ नये, हे तत्त्व. लेव्हीच्या पैशातला वाटा यात जातो. म्हणजे तुमच्या पट्टीवरची ती छोटी ओळ शंभर मैलांवरच्या एखाद्या अनोळखी बागायतदाराला कुऱ्हाड चालवायचं बळ देते. आणि त्याने ती चालवली म्हणून तुमची बाग राहते.

चेस्टनटचं उदाहरण घ्या. २०१० साली व्हिक्टोरियाच्या ईशान्येला, ओव्हन्स खोऱ्यात चेस्टनट ब्लाइट सापडला. ही बुरशी. सालीत शिरते, साल तडकते, भेगांतून नारिंगी पुटकुळ्या दिसतात आणि त्याच्या वरची फांदी वाळते. अमेरिकेत १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणी उद्यानात ती पहिल्यांदा नजरेस आली आणि पुढच्या चार-पाच दशकांत तिथली अब्जावधी चेस्टनटची झाडं संपली. डोंगरच्या डोंगर बोडके झाले. ऑस्ट्रेलियातलं चेस्टनट मुख्यतः त्याच ईशान्य व्हिक्टोरियात पिकतं. तिथे रोग पसरू दिला असता तर पीकच उरलं नसतं. बाधित झाडं तोडून जाळली, आणि पुढे कित्येक वर्षं आसपासच्या बागांची झाडन्‌झाड तपासणी चालली. अशा खोऱ्यात पहिल्या बागायतदाराने साल बघून गप्प बसायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. भरपाईची खात्री असली तरच माणूस फोन उचलतो.

दोन अटी मात्र नीट ध्यानात ठेवा. संघटनेची डीडवर सही हवी, आणि तुम्ही लपवाछपवी केलेली नसावी.

मी मधमाश्या पाळत नाही. मग व्हरोआ माइट या मधमाश्यांवरच्या किडीविरुद्धच्या मोहिमेचा भार बदामवाल्यांवर का?

बदामाच्या मुख्य जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. म्हणून नॉनपॅरिलच्या ओळीशेजारी कारमेल किंवा प्राइसची ओळ लावतात आणि एका ओळीचा पराग दुसरीवर न्यायला मधमाशी लागते. ऑगस्टच्या सुरुवातीला इथल्या रस्त्यांवर रात्री ट्रक दिसतात, जाळी टाकलेल्या पेट्यांनी भरलेले. माश्या अंधारात पेटीत असतात म्हणून वाहतूक रात्रीच करायची. दोन लाखांहून जास्त पेट्या काही आठवड्यांसाठी या बागांत येतात. पहाटे थंडीत बाग निश्चल असते. दहाच्या सुमाराला ऊन तापलं की सगळ्या बागेतून एकच गुंजारव उठतो, आणि ओळीत उभं राहिलं की तो छातीत जाणवतो. त्या दोन-तीन आठवड्यांवर पुढच्या वर्षभराची पट्टी ठरते.

जून २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसल बंदरावर पहाऱ्यासाठी ठेवलेल्या पेट्यांत व्हरोआ सापडला. तोवर ऑस्ट्रेलिया हा मधमाशीपालनातला शेवटचा मोठा देश होता जिथे हा माइट नव्हता. राज्यभर पेट्यांची हालचाल थांबवली, आणि ती बरोबर बदामाच्या फुलोऱ्याच्या तोंडावर. त्या जुलैत आमच्या ऑफिसात रोज एकच विषय होता, पेट्या येणार की नाही. मोहिमेच्या खर्चात मधमाशीपालकांबरोबर परागीभवनावर जगणाऱ्या पिकांच्या संघटनाही होत्या, कारण माशी गेली तर मध जातो आणि त्याच्या कितीतरी पट जास्त बदाम जातो. माझ्या मते हे न्याय्यच होतं. मधमाशीपालक हा लहान माणूस आहे, त्याने एकट्याने हा भार उचलावा असं म्हणणं निर्दयपणाचं झालं असतं.

पण व्हरोआ तर गेला नाही! मोहीम फसली, पैसे परत मिळणार का?

नाही मिळणार. आणि या बाबतीत लोकांचा राग मला कळतो.

सुमारे ३०,००० पेट्या नष्ट केल्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या माश्या मालकांच्या डोळ्यांदेखत मारल्या गेल्या. आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये बदामाच्या परागीभवनासाठी हललेल्या पेट्यांमागोमाग माइट युस्टन, बॅलरॅनल्ड या आमच्या शेजारच्या भागापर्यंत पोचल्याचं दिसलं. १९ सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रीय व्यवस्थापन गटाने ठरवलं की उच्चाटन तांत्रिकदृष्ट्या शक्य राहिलेलं नाही. त्यानंतर काम बदललं: माइटसह जगायला मधमाशीपालकांना शिकवायचं.

पैसे परत न मिळण्याचं कारण सरळ आहे. मोहीम चालू असताना काम झालं, माणसं राबली, भरपाया दिल्या गेल्या. आग विझवता आली नाही म्हणून पाण्याच्या टँकरचं भाडं परत मागता येत नाही. मला विचाराल तर त्या १४-१५ महिन्यांत फैलाव मंदावला आणि तेवढा वेळ मिळाला, याला किंमत आहे. पण एखाद्या मधमाशीपालकासमोर मी हे वाक्य बोलणार नाही.

सगळ्याच किडींवर मोहीम होते असंही नाही. २०२० मध्ये लष्करी अळी उत्तर ऑस्ट्रेलियात आली तेव्हा समितीने पहिल्याच टप्प्यात सांगितलं की हिचं उच्चाटन शक्य नाही. तीच अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून महाराष्ट्रात येऊन मक्यावर तुटून पडली होती.

कवचफळांना आता कुठल्या किडींची भीती आहे?

यादी मोठी आहे, मी मला धास्ती वाटते त्या तीनच सांगते.

झायलेला नावाचा जिवाणू. रस शोषणाऱ्या किड्यांमार्फत पसरतो, झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवतो, बदामाची पानं कडांकडून करपतात आणि झाड वर्षानुवर्षं खंगत जातं. इटलीतल्या पुलियात त्याने ऑलिव्हच्या शेकडो वर्षांच्या बागा मारल्या, स्पेनमध्ये बदामाला धरलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय प्राधान्य यादीत तो पहिला आहे.

दुसरा तपकिरी ठिपक्यांचा दुर्गंधी ढेकूण, जो हेझलनटला टोचून गर खराब करतो. थंडीत तो यंत्रांच्या, गाड्यांच्या फटींत दडून बसतो आणि जहाजातून येतो.

तिसरा खापरा भुंगेरा. हा आपलाच, भारतीय उपखंडातला. साठवलेलं धान्य, डाळी, सुकामेवा सगळं खातो, अळी फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरते. याच्यासाठी २०२० पासून ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून तांदूळ, हरभरे, तूर, मसूर, धणे, जिरे, शेंगदाणे, सुक्या मिरच्या असं बरंच काही आणायला बंदी घातली. मुंबईहून येणाऱ्या आईच्या बॅगेतला आंबेमोहोर विमानतळावर काढून घेतला की वाईट वाटतं, मला माहीत आहे, माझ्याही आईचा गेलाय. पण त्या दोन किलो तांदळात एक अळी निघाली, तर इथल्या कुठल्यातरी बागायतदाराच्या पट्टीवर शून्याच्या जागी आकडा येईल. घरच्यांना निघण्याआधी सांगा.

नेहमीच्या किडींवर फवारणीचा खर्च यातून मिळतो का?

नाही. देशात आधीच रुळलेली कीड यात बसत नाही. बदामावरचा कॅरोब मॉथ तुमचा तुम्हालाच सांभाळायचा.

दर चुकीचा वाटला तर दाद कुठे मागायची?

संघटनेकडे. खातं फक्त वसुली करतं. दर वाढवा, कमी करा, शून्यावर आणा हे म्हणणं संघटनेमार्फत मंत्र्यांकडे जातं आणि त्याआधी बागायतदारांशी चर्चा करून पाठिंबा दाखवावा लागतो. आपले लोक तिथे फारसे जात नाहीत. इंग्रजी बैठक, दीडशे किलोमीटर गाडी चालवून जायचं, ‘आपलं कोण ऐकणार’ असं वाटतं. मी एकदा गेले होते, खोलीत जेमतेम वीस माणसं होती. वीस माणसांत एक आवाज खूप असतो.

या लेव्हीने वाशीच्या बाजारात बदाम महागतो का?

जाणवण्याइतका नाही. ऑस्ट्रेलियन बदामाच्या भावात भारताच्या आयात शुल्काचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे: कवचासह बदामावर किलोला ३५ रुपये, गरावर १०० रुपये. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात ठरावीक कोट्यापर्यंत हे शुल्क निम्मं झालं, आणि भारत हा इथल्या बदामाचा मोठा गिऱ्हाईक बनला. किलोमागे सेंटभर लेव्ही त्यापुढे किरकोळ. शिवाय ती बागायतदाराच्या रकमेतून जाते, गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी लागत नाही.

कोकणातल्या काजूवाल्याला असं काही मिळेल का?

माझ्या चुलतभावाचा प्रश्न. भारतात निर्यातीवरचा उपकर नवा नाही. १९४० च्या कृषी उत्पादन उपकर कायद्याने ठरावीक शेतमालाच्या निर्यातीवर छोटा उपकर घेतला जायचा आणि तो कृषी संशोधनाकडे जायचा. २००६ मध्ये तो रद्द झाला. पण त्यात बागायतदाराला मत नव्हतं आणि बाग तोडावी लागली तर भरपाईचं वचनही नव्हतं. कीड पाहणीची व्यवस्था महाराष्ट्रात आहे, सोयाबीनवरच्या किडींच्या उद्रेकानंतर उभा राहिलेला ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प चांगलं काम करतो. नाही ते पुढचं: परकी कीड आली तर खर्च कोण उचलणार याचा पिकागणिक करार.

काजूवरचा ढेकण्या आणि खोड पोखरणारा रोठा हे जुनेच शत्रू, ते इथल्याही नियमांत बसले नसते. पण उद्या एखादी नवी कीड आली आणि वेंगुर्ल्याच्या एखाद्या बागेतली दोनशे झाडं तोडली तर बाकी कोकण वाचेल अशी वेळ आली, तर त्या बागवाल्याने कुणाच्या भरवशावर तोडायची? भावाने यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, ‘किलोला चार-आठ आणे असतील तर मी देईन. पण पैसा आमच्या नावावर राहिला पाहिजे.’ इथले बागायतदार वीस वर्षांपूर्वी नेमकं हेच म्हणत होते.

बागेत काहीतरी विचित्र दिसलं, कुठे कळवू?

१८०० ०८४ ८८१ ही परकी कीड-रोगांची हॉटलाइन आहे. फोन तुमच्या राज्याच्या कृषी खात्याकडे जातो. कामाची वेळ संपली असेल तर नाव, नंबर आणि जागा सांगून निरोप ठेवा. फांदी तोडून गाडीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका, जागच्या जागी फोटो काढा. त्या ओळीत कुणाला जाऊ देऊ नका, हात आणि अवजारं धुवा, बुटांची माती तिथेच झटका. इंग्रजी अडत असेल तर मुला-मुलीला फोनवर घ्या. पण आजच करा.